ज्याचं जनावर त्यानं आणायचं

कडेवाडी, ता. उस्मानाबाद
रविवार, २० जानेवारी १९८०

बाबू, जयभीम.

पोस्टात नोकरी करणाऱ्या भावाला पत्र लिहिण्याचा एक फायदा आहे. ते मिळालंच नाही असं तो म्हणू शकत नाही. तेव्हा गुमान वाच.

गुरुवारी तू आलास आणि घरी न येता तसाच येडशी स्टेशनला परत गेलास. साऱ्या बौद्धवाड्याला कळलं. कड्याखाली, खाणीतल्या साठ माणसांसमोर तू मला म्हणालास, "आबांनी जे टाकलं ते तू उचललंस. आजपासून मला भाऊ म्हणू नकोस." मग बॅग उचलून चालू लागलास. अरे, मी तुझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. तुला भाऊ म्हणायचं की नाही हे मी ठरवणार, तू नाही.

तू का चिडलास ते मला समजतं. छप्पन साली आबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि मेलेली ढोरं ओढायचा दोर त्यांनी चावडीपुढं जाळला. "आजपासून गावाचं मेलेलं जनावर आमचा माणूस ओढणार नाही," एवढंच बोलले. गावानं वर्षभर आपल्यातल्या कुणाला कामावर घेतलं नाही. तू पाच वर्षांचा होतास, तुला त्यातलं काय आठवणार? मला सगळं आठवतं, कारण त्या वर्षी तुझ्या पोटात काहीतरी घालायचं काम माझ्याकडं होतं. आबांच्या शब्दाचं वजन तू मला शिकवू नकोस.

तू तिकडं औरंगाबादेत नामांतराच्या मोर्च्यात काठ्या खाल्ल्यास. आणि गावी येऊन बघतोस तर सख्खी बहीण मेलेल्या बैलाजवळ उभी. तुझ्या जागी मी असते तर मीही ओरडले असते. फक्त ओरडून झाल्यावर विचारलं असतं, की अक्का, हे काय चाललंय? तू विचारलं नाहीस, म्हणून मला आता कागद खराब करावा लागतोय.

त्र्याहत्तरच्या दुष्काळात तू कॉलेजात होतास. इथं गिधाडकड्याखाली दुष्काळी काम निघालं होतं. चार गावांची माणसं खडी फोडायला बसायची, त्यात मीही होते. रोज कुणाचं ना कुणाचं जनावर मरायचं. मालक ते माळावर सोडून द्यायचा आणि कड्यावरची गिधाडं दुपारपर्यंत नुसती हाडं शिल्लक ठेवायची. एवढी ढोरं मेली, पण गावात रोगराई आली नाही. मग पौषात वरून हुकूम आला, दगड जास्त पाहिजे. मुकादमानं कड्याची उत्तरेची बाजू सुरुंगानं उडवली. नेमके त्यांच्या अंड्या-पिल्लांचे दिवस. ज्या कपारींत ती बसायची त्या कपारीच गेल्या. माझ्या पाटीत खडीबरोबर एक पिल्लू आलं होतं, पांढऱ्या मऊ लोकरीचं. ते मेलेलं होतं, तरी मी ते पाटीतून पटकन टाकू शकले नाही.

साठ-सत्तर गिधाडं होती. दोन वर्षांत दक्षिणेच्या कड्यावर चार उरली. आणि जनावरं तर मरायची थांबत नाहीत. आपण ओढत नाही, मालकाला स्वतः ओढायची लाज वाटते, माळावर टाकलं तर खायला कोणी नाही. मग गपचूप ओढ्यात टाकायची पद्धत पडली, तीसुद्धा बौद्धवाड्याच्या वरच्या अंगाला. ते पाणी आधी आपल्या दारात येतं. ओढ्याकाठची कुत्री पिसाळली. विठाबाईची सून कुत्रं चावून गेली, ते तुला कळवलं होतं.

म्हणून मी ठरवलं, गिधाडं परत आणायची. खाण आता मुकादमाची नाही, आपल्या मजूर सहकारी संस्थेची आहे. चेअरमन शिवलिंगप्पा आहेत, चिटणीस मी आहे. कडा आपल्या ताब्यात असताना तो पूर्वीसारखा करता येणार नाही, असं मला कोणी सांगू नये.

तो बैल आण्णासाहेबांचा होता, ज्यांच्या वाडवडिलांची ढोरं आपली माणसं ओढायची. तो तिथपर्यंत कसा आला ते पुढं कधीतरी लिहीन. आज हात दुखतोय.

तुझी बहीण (हो, बहीणच),
मुक्ता


कडेवाडी
रविवार, ९ मार्च १९८०

बाबू, जयभीम.

तुझं उत्तर नाही. नसू दे. मागच्या पत्रात हात दुखतोय असं लिहिलं होतं ते खोटं होतं. मला पुढचं लिहायचं नव्हतं. आज लिहिते, पण क्रमानं लिहू दे.

उत्तरेच्या बाजूला जिथला दगड संपलाय, तिथं खाणीची सरळ उभी भिंत राहिली आहे. मांजरालासुद्धा बसता येणार नाही अशी. आपला सुरुंगवाला ईरण्णा तुला आठवत असेल, ठेंगणा, सदा तंबाखू मळणारा. त्याला मी म्हटलं, इतकी वर्षं कडे पाडलेस, आता एक बांधून दाखव. त्यानं तीन दिवस नुसतं खाली बसून भिंतीकडं बघितलं. मग कमरेला दोरखंड बांधून वरून उतरला आणि पहारीनं, कुठं बारीकशा सुरुंगानं, भिंतीत कपारी काढायला लागला. दीड महिन्यात नऊ कपारी झाल्या. प्रत्येक बाजेएवढी रुंद आणि वर उन्हाला आडोसा. असं काम त्यानं जन्मात केलं नव्हतं, पण करताना गात होता.

कपारी झाल्या तरी पाखरू फिरकेना. ईरण्णाच म्हणाला, "बाई, जुन्या कड्यावर त्यांच्या शिटेचे पांढरे वघळ हायती. ह्यो कडा कोरा दिसतोय, म्हणून भेत्यात." मग त्यानं चुन्याची मडकी घेतली आणि कपारींखाली ओघळ सोडले. शिवलिंगप्पा खालून ओरडले, "अवो मुक्ताबाई, कड्याला चुना कशापायी? लगीन हाय का कुणाचं?" सगळी खाण हसली. मीही हसले.

चार दिवसांनी दोन गिधाडं आली, घिरट्या घातल्या, निघून गेली. असं पंधरा दिवस चाललं. तेव्हा विठाबाई, आपल्या वाड्यातली सगळ्यांत जुनी बाई, मला म्हणाली, "घर बांधलंस, चुना दिलास. खायाला काय घालनार, खडी?" खरंच, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आता ते लिहिते. १७ जानेवारीला सकाळी आण्णासाहेबांच्या गड्यानं येऊन सांगितलं, "बैल मेलाय. मालक म्हनत्यात, मान्सं लावून द्या." बाबू, माणसं लावून द्या हे शब्द मी लहानपणी आपल्या दारात किती वेळा ऐकले असतील! जे नाकारून आबांनी वर्षभर उपास काढला, तेच शब्द. आणि मला ते ऐकूच आले नाहीत. मला फक्त गिधाडं दिसत होती. मी ईरण्णाला घेतलं, संस्थेची गाडी घेतली, आण्णासाहेबांच्या गोठ्यात गेले आणि तो बैल ओढून गाडीत घातला. ओढला मी. गड्यानं हातसुद्धा लावला नाही. आण्णासाहेब ओट्यावर चहा पीत होते, त्यांनी मान हलवली, जसं त्यांचे वडील हलवायचे.

कड्याखाली बैल टाकला आणि तासाभरात अकरा गिधाडं उतरली. सात वर्षांत एवढी एकत्र मी पाहिली नव्हती. तू आलास तेव्हा मी मेलेल्या बैलाजवळ उभी राहून हसत होते. ओढण्यापेक्षा ते हसणं तुला जास्त लागलं असणार.

त्यानंतर आठ दिवसांत तीन घरांतून सांगावा आला. मुक्ताबाईला सांगा, म्हैस मेली. मुक्ताबाईला सांगा, गाय मेली. तिसऱ्यानं तर सांगायचे कष्टही घेतले नाहीत, वासरू थेट वाड्याच्या तोंडाशी आणून टाकलं. त्या दिवशी विठाबाई आणि सात-आठ बाया माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. कुणी भांडलं नाही. विठाबाई एवढंच म्हणाली, "पाखरासाठी का व्हईना, वढलं ते वढलंच की गं."

मी चुकले. तू बरोबर होतास. हे वाक्य जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही.

पण चुकले म्हणून हातावर हात ठेवून बसायची नाही. २ मार्चला संस्थेची सभा घेतली. मी स्वतः ठराव लिहिला आणि वाचला. दक्षिणेचा कडा आणि ईरण्णाच्या नऊ कपारी या दोन्हींजवळ दिवाळीपासून वैशाख लागेपर्यंत सुरुंग लावायचा नाही. मेलेलं जनावर कड्याखाली आणायचं, पण ज्याचं जनावर त्यानं आणायचं, स्वतःच्या गाडीतून, स्वतःच्या हातानं. गड्यामार्फत नाही, सांगावा धाडून नाही. दुसऱ्याच्या जनावराला संस्थेचा कुणीही हात लावणार नाही. जो मालक असं करणार नाही, ओढ्यात टाकेल, त्याच्या विहिरीला ईरण्णा सुरुंग लावणार नाही.

हे ऐकल्यावर सभेतली माणसं ईरण्णाकडं बघायला लागली. या भागात सुरुंगाचा परवाना असलेला एकटा ईरण्णा. विहिरी सगळ्यांच्या आटलेल्या, जो तो खोल न्यायच्या मागं. शिवलिंगप्पा कानात म्हणाले, "बाई, आण्णासाहेब काय म्हनतील?" मी म्हटलं, "म्हनू द्या. बोलून काय विहिरीला पानी लागत न्हाय."

ठराव पास झाला. विरोधात चार.

मुक्ता


कडेवाडी
रविवार, ८ जून १९८०

बाबू,

आज तुला एक मजा सांगते. वाचताना हसू आलं तर दार लावून हस, तुझा राग मोडल्याचं तुझ्या बायकोला कळायला नको.

एप्रिलात आण्णासाहेबांची म्हैस मेली. त्यांनी ठरावाला विचारलं नाही, बाहेरगावच्या दोन माणसांकडून ती ओढ्यात टाकली. मे महिन्यात त्यांच्या विहिरीला काळा पाषाण लागला. मोसंबीची बाग डोळ्यांदेखत वाळायला लागली. त्यांनी ईरण्णाला बोलावलं, तो म्हणाला, बाईंना विचारा. ते बार्शीला जाऊन आले, उस्मानाबादेत दोन दिवस राहिले. या दिवसांत कुठला सुरुंगवाला मोकळा असतो? शेवटी स्वतः संस्थेच्या खोलीत आले. उभेच राहिले. मी खुर्ची दिली.

"मुक्ताबाई, ईरण्णाला धाडा."

"वड्यातली म्हैस उचला, धाडते."

"ती कवाच सडली."

"हाडं हायती की अजून. ती उचला आन् कड्याखाली आना."

"मी? लोक काय म्हनतील?"

"लोक म्हनतील, आण्णासाहेबांनी आपली म्हैस आपन उचलली."

ते उठून गेले. जाताना उंबऱ्याला ठेच लागली, पण वळून बघितलं नाही.

मला खात्री होती की येतील. शिवलिंगप्पांना नव्हती, त्यांनी चार दिवस मला तोंड दाखवलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी आण्णासाहेबांची गाडी ओढ्याकडून वर आली. कासरा त्यांच्या हातात, शेजारी त्यांचा थोरला मुलगा बलभीम. मागं म्हशीचा सांगाडा आणि वर आदल्या दिवशी मेलेली एक कालवड. दोघांच्या नाकाला उपरणं. सारं गाव वाटेच्या दोन्ही बाजूंनी उभं. विठाबाई दारातून बाहेर आली आणि गाडी पुढं जाईपर्यंत उभी राहिली. तिचं वय ऐंशीच्या पुढं असेल. तिनं असं काही कधी बघितलं नव्हतं.

कड्याखाली आण्णासाहेबांनी आणि बलभीमनं कालवड खाली ओढली. आण्णासाहेबांनी हात मातीत पुसले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "लई वास येतो गं."

मी म्हटलं, "येतो, आण्णासाहेब. नाकाला फडकं नका बांधू, आतच कोंडतो. मोकळ्यावर सोसवतो."

त्यांनी उपरणं सोडलं. मग पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. हा सल्ला मला कुठून माहीत, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. खोटं कशाला बोलू, मला गाडी येताना फार मजा वाटत होती, पण त्या क्षणी नाही वाटली.

दुसऱ्या दिवशी ईरण्णा त्यांच्या विहिरीत उतरला. तिसऱ्या सुरुंगाला झरा लागला. तेव्हापासून सांगावा कुणाच्याच घरून आलेला नाही. गाड्या येतात. बलभीम तर आता दुसऱ्यांना सांगतो की जनावर कुठं टाकायचं, कोणत्या बाजूनं ओढायचं, जणू त्यानंच हे काढलं.

ओढा स्वच्छ आहे. बाया पुन्हा तिथं धुणं धुतात.

मुक्ता


कडेवाडी
रविवार, १४ डिसेंबर १९८०

बाबू,

तीन पत्रं झाली, हे चौथं. एकाचंही उत्तर नाही. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. 'घेण्यास नकार' असा शेरा मारून पत्र परत पाठवायला तुला कितीसा वेळ लागला असता? शिक्का तर तुझ्याच टेबलावर. एकही परत आलेलं नाही. म्हणजे साहेब वाचतायत.

तर ऐक. ईरण्णाच्या नऊ कपारींपैकी पाचांत घरटी झाली आहेत! काटक्या, चिंध्या, कुणाच्या तरी घोंगडीची लोकर. दक्षिणेच्या कड्यावर आणखी चार. एका घरट्यात एकच अंडं. नर आणि मादी पाळीपाळीनं बसतात. शिवलिंगप्पांना मी मुद्दाम नेऊन दाखवलं की बघा, बाप्यामाणूस अंड्यावर बसलाय. ते म्हणाले, "आमच्या घरात सांगू नगा."

ईरण्णाचं तर कामातच लक्ष नाही. तीस वर्षं त्यानं दगड फोडला, त्याच्या हातानं केलेल्या जागेत कुणी राहायला आलं असं कधी झालं नव्हतं. रोज दुपारी भाकरी घेऊन तो समोरच्या टेकाडावर जाऊन बसतो. मोठ्यानं कुणी बोललं तर दगड उचलून दाखवतो.

सगळं गोड नाही. नोव्हेंबरात बार्शी रस्त्याचं खडीचं काम संस्थेला मिळालं. चांगला दगड दक्षिणेच्या कड्याजवळ, आणि तिथं तर आपण सुरुंग बंद केलेला. माणिकप्पा, आपला जुना सभासद, सहा लेकरांचा बाप, सभेत उभा राहिला. "पाखरासाठी मान्सानं काम सोडायचं व्हय? बाई, तुमी सांगा."

तो चुकीचं बोलत नव्हता. मी त्याला तसं सांगितलं. मग म्हटलं, पश्चिमेला दगड आहे, त्यावर दोन पुरुष खोल मुरूम आहे. मुरूम काढला तर खडी तिथून निघेल आणि कड्याला धक्का लागणार नाही. माणिकप्पा म्हणाला, दोन पुरुष मुरूम कोण काढणार? मी म्हटलं, मी. उद्यापासून.

बोलून बसले खरी. दुसऱ्या दिवशी खोरं घेऊन गेले तेव्हा एकटीच होते. चाळिशीत पाट्या उचलायच्या म्हणजे कमरेला सगळं आठवतं. दुपारी विठाबाई काठी टेकत आली आणि माझ्या शेजारी बसून मुरूम चाळायला लागली. तिच्यामागून वाड्यातल्या बाया आल्या. तिसऱ्या दिवशी माणिकप्पा आला. त्याचं खोरं सगळ्यांत जोरात चाललं. बावीस दिवस लागले. खडी पोचवायला उशीर झाला, रस्त्याच्या कामावरच्या साहेबांचं बोलणं खावं लागलं, पण काम हातचं गेलं नाही.

पश्चिमेच्या खड्ड्यात सुरुंग उडतो तेव्हा मी कड्याकडं बघत असते. गिधाडं मान वर करतात, आणि पुन्हा अंड्यावर बसतात. त्यांना कळलंय की हा आपल्यासाठी नाही.

मला हे सगळं तुला दाखवायचं आहे, बाबू. दुसऱ्या कुणाला नाही दाखवलं तरी चालेल. लोक येतात, वाहवा करतात, बरं वाटतं. पण आबांचा शब्द मोडला गेला की राखला गेला, हे सांगणारा माणूस जगात एकच उरलाय आणि तो औरंगाबादेत शिक्के मारत बसलाय.

मुक्ता


कडेवाडी
रविवार, १९ एप्रिल १९८१

बाबू,

सात पिल्लं. एक अंडं फुटलंच नाही, एक पिल्लू फेब्रुवारीत गेलं. पण सात आहेत आणि ती कपारीच्या काठावर येऊन पंख पसरतात, तेव्हा ईरण्णा डोळे मिटून घेतो. पडेल म्हणतो.

पण आजचं पत्र त्यासाठी नाही. आपला लाल्या फार दिवसांचा नाही. तुझ्या पहिल्या पगारातून आणलेलं खोंड, आठवतं ना? येडशीच्या बाजारातून तू त्याला चालवत आणलंस आणि वाटेत त्यानं तुझा नवा सदरा चघळला. आबांनी त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले होते, आपल्या घरात पहिलं जनावर. ते गेले तेव्हा मला सांगून गेले, हा तुम्हा दोघांचा. त्या बैलाला आता पोटाचं काहीतरी झालंय. डॉक्टर येऊन गेले. चारा तोंडात धरतो आणि सोडून देतो.

तो गेला की त्याला कड्याखाली न्यावा लागेल. ठराव माझ्या हातचा आहे. ज्याचं जनावर त्यानं आणायचं, यात चिटणिसाला सूट लिहिलेली नाही. आणि मालक मी एकटी नाही. अर्धा तुझा आहे.

वाड्यातल्या पोरांनी सांगितलं, अक्का, आम्ही ओढतो. मी नाही म्हटलं. माणिकप्पाही येऊन गेला. त्यालाही नाही म्हटलं. मी एकटी नेईन, मला जमतं, हे तुला माहीतच आहे. पण खरं सांगू, बाबू? यावेळी मला एकटीनं न्यायचं नाही. त्या दिवशी मी आण्णासाहेबांचा बैल ओढला आणि तू बघितलंस. आपला बैल मी ओढताना तू बघितलं नाहीस, तर तुझ्या डोळ्यांत मी कायम पहिल्याच बैलाजवळ उभी राहीन. ते मला सोसवत नाही.

तार करीन. आलास तर ये.

मुक्ता


कडेवाडी
रविवार, ३ मे १९८१

बाबू, जयभीम.

तू काल दुपारच्या गाडीनं गेलास आणि आज मी पुन्हा लिहायला बसले. सवय लागली आहे, तिला तू जबाबदार आहेस.

तार तुझ्याच टेबलावर आली आणि तूच ती फोडलीस, हे ऐकून मला हसू आलं. गुरुवारी संध्याकाळी लाल्या गेला. शुक्रवारी दिवस वर येईपर्यंत वाट बघायची आणि मग गाडी जोडायची, असं मी ठरवलं होतं. येडशीची गाडी येऊन गेल्याचा आवाज झाला. कोणी आलं नाही. मी विठाबाईला म्हटलं, चला, ऊन तापायच्या आत. आणि तू ओढ्याच्या वाटेनं येताना दिसलास. ओढ्याच्या वाटेनं का आलास ते मी विचारलं नाही. पाणी बघायचं होतं तुला.

तू 'अक्का' म्हणालास आणि थेट गोठ्याकडं वळलास. बरं केलंस. ऊन तापत होतं. तू सदरा काढून खुंटीला अडकवलास, लाल्याच्या मानेवर थोडा वेळ हात ठेवलास, आणि आपण दोघांनी त्याला गाडीवर घेतला. तुला नीट ओढता येत नाही. येणार कुठून, तू कधी ओढलंच नव्हतंस. मी पाय कुठून धरायचे ते सांगत होते आणि तू निमूट ऐकत होतास. अशी वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आली.

तुला कड्यावर सगळं दाखवलं. ईरण्णानं तर तुला कपारी मोजायला लावल्या. घरी जेवताना तू मला दहा प्रश्न विचारलेस, सगळे गिधाडांचे. स्वतःबद्दल एक शब्द नाही, आणि माफी तर नाहीच. मीही मागितली नाही. दोघं आबांवर गेलोय. तू गेल्यावर, आज सकाळी, त्या सात पिल्लांतलं पहिलं उडालं. सरळ उडालं नाही, पलीकडच्या टेकाडावर जाऊन आपटलं, पण उठून बसलं. ईरण्णानं अंगातली बंडी काढून हवेत फिरवली.

पण हे पत्र मी एका गोष्टीसाठी लिहिते आहे. ती मला त्या वेळी बोलता आली नाही.

कड्याच्या वळणावर चढ आहे. तिथं चाक अडकलं. आपण दोघं मागून रेटत होतो आणि गाडी हलेना. वाटेत आण्णासाहेब बलभीमला आणि दोन गड्यांना घेऊन उभे होते. त्यांना कळलं होतं, ते मुद्दाम आले होते. मदतीलाच आले होते, त्यात काही खोट नव्हती. आण्णासाहेबांनी उपरणं कमरेला बांधलं आणि गाडीला हात घातला. म्हणाले, "बाबूराव, सरा जरा. आमी लावतो खांदा."

बाबू, तुझं बोलणं सारं शहरी झालंय. आल्यापासून तू पुस्तकातलं मराठी बोलत होतास. पण तू मान वर केलीस आणि आपल्या बोलीत म्हणालास, "नगं, आण्णासाहेब. आमचं जनावर हाय. आमीच नेतो."

त्यांनी लगेच हात काढून घेतला आणि बाजूला झाले. वाट करून दिली.

आपल्या किती पिढ्यांनी या गावाची ढोरं ओढली, कुणी मोजलं नाही. त्यातलं एकही आपलं नव्हतं. तू ते बोललास तेव्हा मला रडू फुटलं. तुला दिसलं नाही, कारण तू चाकाला खांदा लावला होतास आणि गाडी हलायला लागली होती.

मुक्ता